कौनसा पीला?

बदलापूरच्या आमच्या बैठकीच्या खोलीत एक जर्मन रणगाडा उभा आहे. घाबरू नका. लांबी जेमतेम सहा इंच, प्लॅस्टिकचा. लग्नात आलेला काचेचा सेट आणि पितळी मोर यांच्यामध्ये त्याचा मोर्चा आहे, आणि चाळीस वर्षांत त्याने एक इंचही आगेकूच केलेली नाही. दर दिवाळीला आमची सौ. ओल्या फडक्याने त्याच्यावर हल्ला चढवते, तेवढीच काय ती लढाई.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरचा एक तरुण सोसायटीच्या सहीसाठी आला. सही बाजूला राहिली. काचेला नाक लावून पाच मिनिटं बघत राहिला आणि डॉक्टरने घरच्यांना बाहेर बोलावून सांगावं तसं हळूच म्हणाला, "काका, रंग चुकलाय."

"कसला चुकलाय? जर्मन पिवळा आहे."

"हा पिवळा १९४३ चा आहे. बुरुजावर तुम्ही काढलाय माड. म्हणजे गाडी आफ्रिकेतली. आणि मॉडेल बेचाळीसचं. तुमची गाडी एक वर्ष आधी रंगलीये."

घरातला गिझर दुरुस्त करायला मला वेळ नसतो. पण एखाद्याने इतिहासात चूक काढली, की मी पेटतो. पंधरा दिवस वाचन केलं आणि हाती आलं ते असं.

आपल्याकडे रंगाला नाव देताना हात आखडत नाहीत. चिंतामणी, आमसुली, श्रीखंडी, मोतिया. साडीच्या दुकानात यावरून घराणी भांडली आहेत. जर्मनांनी ही कटकटच मिटवली. १९२५ साली मालाचा दर्जा ठरवायला त्यांनी 'राल' नावाची समिती काढली आणि १९२७ साली तिने चाळीस रंगांना क्रमांक देऊन टाकले. पुढे रणगाडेही त्याच हिशेबात आले. युद्ध सुरू झालं तेव्हा ते दोनतृतीयांश गडद करडे आणि एकतृतीयांश गडद तपकिरी होते. पण त्या काळच्या कृष्णधवल फोटोत हे दोन्ही रंग इतके एकजीव होतात, की मॉडेल बनवणाऱ्या कित्येकांनी वर्षानुवर्षं सरसकट करडा फासला. जुलै १९४० मध्ये हुकूम निघाला, तपकिरी बंद, नुसता करडा. म्हणजे चुकणारे तेवढ्यापुरते आपोआप बरोबर ठरले. असं भाग्य आम्हाला परीक्षेत कधी लाभलं नाही.

मार्च १९४१ मध्ये रणगाडे त्रिपोलीच्या बंदरात उतरले, तेही करडेच. पिवळ्या वाळवंटात करडा रणगाडा म्हणजे दहीभातावर बसलेली माशी. सैनिकांनी चिखल, तेल, वाळू, जे हाताला येईल ते थापलं. त्याच महिन्यात नवा हुकूम सुटला, पिवळट तपकिरी राल ८००० आणि त्यावर करडट हिरवा ७००८. हा ८००० म्हणजे हळदीचा पिवळा नव्हे. कुळथाचं पिठलं दुसऱ्या दिवशी दिसतं, त्या वळणाचा. पुन्हा मार्च १९४२ मध्ये हेही रंग बदलले, ८०२० आणि ७०२७. मात्र जुना साठा आधी संपवा, असंही बजावलं. सरकारी कचेरीत जुने फॉर्म संपेपर्यंत नवे वापरत नाहीत, तसंच. फेब्रुवारी १९४३ मध्ये सगळ्याच रणगाड्यांसाठी गडद पिवळा आला, वर हिरव्या आणि तांबूस तपकिरी रंगाचे पट्टे. त्या रंगांची लगदी डब्यातून पलटणीकडे जायची आणि ती पातळ करायची पाण्याने किंवा पेट्रोलने, जे मिळेल त्याने. आमटीला पाणी जास्त झालं की काय होतं, ते गृहिणींना सांगायला नको. एका तुकडीचा पिवळा दुसरीच्या पिवळ्याशी जुळेल, तर शपथ.

नगरला लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ साली उघडलेलं. एक जर्मन चिलखती गाडीही तिथे आहे. पण जुन्या लोखंडाला जपायचं तर वेळोवेळी रंग द्यावाच लागतो, आणि ब्रशवाला काही राल समितीचा सभासद नसतो. डोळ्यांनी पाहून शंका फिटेल, हा मार्गही बंद.

आता माझ्या गाडीचा रंग कसा ठरला, ते कबूल करायला हवं. १९८४ साली आम्ही अंबरनाथला चाळीत राहत होतो. मेहुण्याने सिंगापूरहून हा डबा आणला. मी रंग शोधायला उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये गेलो. हे उल्हासनगर म्हणजे मुळात त्याच महायुद्धासाठी इंग्रजांनी उभारलेली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत जवळजवळ लाखभर सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ साली राजगोपालाचारींनी गावाला नवं नाव दिलं. तरी माणसं अजून पत्ता सांगतात तो कॅम्पचाच.

रंगवाल्याला म्हटलं, "टँक के लिए पीला चाहिए."

"पानी का टँक?"

"नहीं, लडाई का. जर्मन."

तो क्षणभरही चकित झाला नाही. "कौनसा पीला? टॅक्सीवाला, हल्दीवाला, के मंदिरवाला? कितना लिटर?"

मी बोटाने एवढंसं दाखवलं. त्याने एका जुन्या डब्याच्या झाकणात तीन रंग काडीने ढवळले, माझ्या शर्टाकडे पाहिलं, आणखी थोडा तपकिरी टाकला. असा माझा ऐतिहासिक पिवळा तयार झाला. पैसे त्याने घेतले नाहीत, झाकण मात्र परत मागितलं.

रणगाडा ओट्यावर वाळत होता, तेव्हा शेजारचे हवालदार काका आले. साताऱ्याकडचे; निवृत्त होऊन इथल्या एका कारखान्यात रखवालदार होते. ते लढाईत होते हे चाळीला माहीत होतं, पण कुठे, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी रणगाडा तळहातावर घेतला आणि म्हणाले, "तोब्रुकला ह्येच हुतं."

२० जून १९४२ ला रोमेलने तोब्रुकवर झडप घातली, ती आग्नेय बाजूने. तिथे होती आपली अकरावी हिंदी ब्रिगेड, आणि वाटेवरच मराठा पलटणीची दुसरी बटालियन. पहाटे विमानांनी भाजून काढलं, मग सुरुंग काढलेल्या वाटेने आणि खंदकावरून रणगाडे आत आले. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं. तीस हजारांहून जास्त माणसं कैद झाली, त्यांत हे. तेव्हा त्यांचं वय वीस.

म्हणजे आख्ख्या अंबरनाथात, नव्हे ठाणे जिल्ह्यात, रंग सांगू शकेल असा माणूस माझ्याच ओट्यावर बसला होता! मी उतावीळपणे विचारलं, "काका, नक्की कसला पिवळा होता हो?"

"काळं हुतं."

"काळं कसं असेल? पुस्तकात तर..."

"आरं, ऊन त्येंच्या पाठीकडनं. त्यात बाँबचा धूर. त्यातनं काय पिवळं आन् काय हिरवं दिसतंय? काळं दिसायचं, आन् मागं धूळ."

वरच्या तरुणाला मी हे सांगितलं. तो विचारात पडला. काळ्याला त्याच्या तक्त्यात त्या वर्षी क्रमांकच नाही. मी मात्र पंधरा दिवसांच्या अभ्यासानंतर ठरवलं आहे, की पिवळा तसाच राहू द्यायचा. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि तरीही.

कारण त्या दिवशी काकांनी रणगाडा खाली ठेवला नव्हता. वरच्या झाकणातून अर्धा बाहेर आलेला प्लॅस्टिकचा जर्मन सैनिक ते डोळे बारीक करून बघत होते. "धरल्यावर आमाला उन्हात बसवलं," ते म्हणाले. "पाणी न्हाई. तवा असल्याच एका गाडीवरनं एक पोरगं उतरलं आन् त्याच्या डब्यातलं पाणी दिलं मला. तोंडावर ह्यो धुळीचा थर. डोळं तेवढं निळं. माझ्याच वयाचं आसंल." थोडं थांबून म्हणाले, "तू ह्याचं डोळं काळं केलंस जणू."

केले होते खरे. आपल्याकडे डोळे म्हटले की काळे, एवढाच माझा अभ्यास.

निळ्यासाठी उल्हासनगर गाठावं लागलं नाही. चिरंजीवांच्या शाळेच्या रंगपेटीत होता. सुईच्या टोकाने दोन ठिपके दिले. काका जवळ बसून बघत होते.