श्रीरामपूरचा गोलंदाज कोणाचा?

दिवाळीचे फटाके थांबतात न थांबतात तोच आमच्या श्रीरामपूर-राहुरी पट्ट्यात उसाची पळवापळवी सुरू होते. एका कारखान्याच्या कार्यक्षेत्रातला ऊस रातोरात दुसऱ्याच्या गव्हाणीत जाऊन पडतो. पहिली उचल कोण किती देणार याच्या चर्चा चहाच्या टपरीवर झडतात. 1984 साली सरकारने झोनबंदीचा आदेश काढून कारखान्यांना गावे वाटून दिली, तेव्हाही बाहेरचा 'गेटकेन' यायचा तो यायचाच. मी लहानपणापासून हे पाहत आलो. त्यामुळे रणजी करंडकाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा मला त्यात फारसे अनोळखी असे काही वाटले नाही. तिथेही कार्यक्षेत्रे आहेत, ना हरकत प्रमाणपत्रे आहेत, आणि तिथेही चांगला माल दिसला की रात्रीतून ट्रॅक्टर जोडले जातात.

या लेखाचा विषय झहीर खान. जन्म ऑक्टोबर 1978, श्रीरामपूर. शिक्षण तिथल्याच हिंद सेवा मंडळाच्या मराठी प्राथमिक शाळेत आणि पुढे के. जे. सोमय्या विद्यालयात. भारतासाठी 92 कसोटी सामने, 311 बळी. तो खेळला बडोद्यासाठी, मुंबईसाठी, इंग्लंडमधल्या वूस्टरशायरसाठी, बंगळुरूसाठी, दिल्लीसाठी. ज्या संघटनेच्या हद्दीत श्रीरामपूर येते त्या महाराष्ट्राच्या संघातून तो रणजीचा एकही सामना खेळला नाही. आमच्या गावात यावर पुष्कळ वर्षे एक राग आहे. तो रागही बराचसा उसाच्या रागासारखाच: 'आमचा माल आणि साखर त्यांची.' मीही तो राग बाळगून होतो. जुने धावफलक चाळताना तो हळूहळू बदलत गेला.

खेळाडू पळवण्याची चाल आयपीएलने आणली असे अनेकांना वाटते. ती संस्थानिकांनी आणली, आणि त्यात सर्वांत पुढे होती दोन मराठी घराणी: इंदूरचे होळकर आणि बडोद्याचे गायकवाड. ज्या अहिल्याबाईंचे नाव आज आमच्या जिल्ह्याला आहे त्यांचे माहेर जामखेड तालुक्यातले चौंडी. सयाजीराव गायकवाडांचा जन्म मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा. म्हणजे नगर-नाशिकच्या मातीशी नाते सांगणारी दोन संस्थाने खेळाडूंसाठी एकमेकांशी चुरस करत होती. होळकरांनी 1923 मध्येच नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदूरला नेऊन आपल्या सैन्यात कॅप्टन केले. संस्थानात खेळाडूला पगार मिळे तो हुद्द्याचा. हुद्दा सैन्यातला, काम क्रिकेटचे.

बडोद्यानेही मागे राहण्याचे ठरवले नव्हते. 1939-40 च्या हंगामात पुण्यात सांगलीच्या विजय हजारेंनी महाराष्ट्राकडून नाबाद 316 धावा केल्या. रणजीतले ते पहिले त्रिशतक, आणि समोर संघ होता बडोद्याचा. दोनच हंगामांत हजारे बडोद्याचे झाले होते! मार खाल्लेल्या संघाने मारणाऱ्यालाच घरी न्यावे, यातला व्यवहार मला तरी आवडतो. देवधरांच्या महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 असा दोनदा करंडक जिंकला होता. तो त्याला पुन्हा आजवर मिळालेला नाही. एकट्या हजारेंच्या जाण्याने असे झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; पण गेलेल्यांची यादी त्यांच्यापाशी थांबत नाही. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकरही, ज्यांनी 1948 मध्ये महाराष्ट्राकडून नाबाद 443 केल्या, बडोदा आणि होळकर या दोन्ही संघांतून खेळले.

गोलंदाजाची गोष्ट मात्र धाकट्या नायडूंची. सी. एस. नायडू, सी. के. यांचे भाऊ, लेगस्पिनर. 1942-43 च्या हंगामात त्यांनी बडोद्यासाठी 40 बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात 40 बळी तोवर कोणी घेतले नव्हते. त्या वर्षी बडोद्याने पहिल्यांदा करंडक जिंकला. आणि 1944-45 च्या अंतिम सामन्यात हेच सी. एस. होळकरांकडून गोलंदाजी करताना दिसतात. समोर मुंबई, मैदान ब्रेबोर्न. त्या सामन्यात त्यांनी टाकलेले चेंडू कोणीतरी मोजून ठेवले आहेत: 917. पहिल्या डावात 64.5 षटके, दुसऱ्या डावात 88. एकूण 11 बळी, 428 धावा देऊन. होळकरांनी त्या सामन्यासाठी महूच्या छावणीत नेमणुकीवर असलेल्या डेनिस कॉम्प्टनलाही घेतले होते, त्याने नाबाद 249 केल्या, तरी मुंबई 374 धावांनी जिंकली. दोन वर्षांनी बडोद्यात याच होळकरांविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी 577 धावांची भागी रचली. सी. एस. आता त्या धावा मोजणाऱ्या बाजूला होते. होळकरांनी अकरा हंगामांत दहा अंतिम सामने खेळून चार जिंकले. मग संस्थान गेले, संघही गेला.

मध्ये एक कंपन्यांचा काळ येऊन गेला. तो मी थोडक्यात आवरतो, कारण त्यात गोष्ट कमी आणि मस्टरवरच्या सह्या जास्त. वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निरलॉनमध्ये, सोलकर मफतलालमध्ये. हुद्द्याच्या जागी नोकरी आली एवढेच. पण या व्यवस्थेने एक गोष्ट पक्की केली: ज्याला क्रिकेट खेळायचे त्याने मुंबई गाठावी. बेलापूर या नावाच्या स्टेशनावरून, म्हणजे आमच्याच श्रीरामपूरच्या स्टेशनावरून, गाडीत बसून सतरा वर्षांचा झहीर निघाला तो मुंबईलाच. पुण्याला का नाही, हा प्रश्न आमच्या गावात विचारला जातो. त्या वयाच्या मुलाला किंवा त्याच्या घरच्यांना तो पडलाच नसेल. आमच्याकडे तेव्हा टेनिस चेंडूचे क्रिकेट जोरात असे. लाल चेंडू हातात घेऊन, मोजून पावले टाकत धावत येणारा मुलगा म्हणजे कौतुकाची गोष्ट होती. त्याला पारखणारे कोणी नव्हते.

मुंबईत सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबकडून खेळताना त्याने 1996 मध्ये पुरुषोत्तम ढालीच्या अंतिम सामन्यात सात बळी घेतले. मुंबईच्या 19 वर्षांखालील संघात तो आला. चेन्नईच्या एमआरएफ वेगवान गोलंदाजी केंद्राच्या टी. ए. शेखर यांनी त्याला हेरून तिकडे नेले. इथवर कोणी कोणाशी त्याच्यासाठी भांडले नाही, हे लक्षात ठेवायला हवे. आगरकर, म्हांब्रे, कुरुविला यांच्या मुंबईत जागा नव्हती. पुण्याने हाक घातली नाही. 1999-2000 च्या हंगामात त्याने रणजीत पाऊल टाकले ते बडोद्याकडून, आणि पुढच्याच हंगामात रेल्वेविरुद्धच्या अंतिम सामन्यात आठ बळी घेतले, त्यांतले पाच दुसऱ्या डावात 43 धावांत. बडोदा 21 धावांनी जिंकले. 1957-58 नंतर प्रथमच. संस्थान नव्हते, महाराज नव्हते, पण बाहेरगावचा माणूस आणून करंडक जिंकायची बडोद्याची जुनी सवय तेवढी शाबूत होती.

ऑक्टोबर 2000 मधली नैरोबीची ती स्पर्धा मला आठवते. मेन रोडवरच्या दुकानातल्या टीव्हीपुढे गर्दी होती. ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडवला, तेव्हा ओरडणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना तो आपल्या गावचा आहे हे शेजाऱ्याने सांगावे लागले. त्यानंतर मात्र सगळ्यांना तो शाळेपासून ओळखीचा होता.

खरी चुरस सुरू झाली ती त्याच्या पडत्या काळानंतर. 2006 च्या सुरुवातीला भारतीय संघातली जागा गेली. तो वूस्टरशायरला गेला आणि तिथे पहिल्याच सामन्यात दहा बळी घेतले. एसेक्सविरुद्ध पहिले नऊ बळी त्याचेच. दहावाही मिळाला असता, पण यष्टिरक्षकाच्या हातून झेल सुटला. त्या उन्हाळ्यात एकूण 78 बळी. घाटाघाटाचे पाणी पिऊन, रनअप आखडून, चेंडू दोन्हीकडे वळवायला शिकून तो परतला. आणि याच वेळी मुंबईला त्याची आठवण झाली. 2006-07 मध्ये तो बडोदा सोडून मुंबईकडे आला. त्या हंगामाचा उपांत्य सामना पाहण्यासारखा आहे: बडोद्याच्या मोतीबागेवर बडोदा विरुद्ध मुंबई. दुसऱ्या डावात मुंबईची अवस्था 5 बाद 0 झाली होती, तरीही मुंबई जिंकली. झहीर त्या सामन्यात नव्हता. तो मुंबईकडून पहिल्यांदा उतरला तो थेट बंगालविरुद्धच्या अंतिम सामन्यात. नऊ बळी घेतले, शेवटचा बळी सौरव गांगुलीचा.

बडोद्याच्या लोकांना तेव्हा काय वाटले असेल? पण हजारेंना नेणाऱ्यांनी झहीरसाठी फार अश्रू ढाळू नयेत, असे मला वाटते. आणि मुंबईलाही श्रेय देताना हात आखडावा. लागणीचा खर्च एकाने करायचा, आणि ऊस उभा राहिल्यावर तोड दुसऱ्याने पाठवायची, असा हा प्रकार.

परदेशातले एक उदाहरण इथे सांगण्याजोगे आहे. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये खेळाडू जवळजवळ शंभर वर्षे आपल्या संघाशी बांधलेला असे. संघ सोडायचा हक्क त्याला नव्हता. 1974 च्या अखेरीस 'कॅटफिश' हंटर नावाचा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत त्यांचा गोलंदाज, मालकाने कराराची रक्कम चुकवल्यामुळे लवादाच्या निर्णयाने मोकळा झाला. तो नॉर्थ कॅरोलायनातला शेतकरी कुटुंबातला माणूस. त्याच्या वकिलाचे कार्यालय अहॉस्की नावाच्या लहानशा गावात होते. जवळजवळ सगळ्या संघांची माणसे त्या गावात येऊन बोली लावून गेली, आणि 31 डिसेंबरला न्यूयॉर्क यांकीजनी त्याला नेले. गिऱ्हाईक गावात आले, ही गोष्ट वाचताना मला आमचे स्टेशन आठवत राहते.

आपल्याकडे बोली लागली ती हॉटेलात, हातोड्याखाली. 2008 मध्ये बंगळुरूने झहीरला साडेचार लाख डॉलरला घेतले. वर्षभरात मुंबईने रॉबिन उथप्पा देऊन त्याला बदल्यात नेले. शुद्ध बलुतेदारी: पैसा नाही, माणसाला माणूस. 2011 मध्ये मुंबईने तेंडुलकर, हरभजन, पोलार्ड आणि मलिंगा यांना ठेवले, झहीरला सोडले. बंगळुरूने पुन्हा नऊ लाख डॉलर मोजले. म्हणजे दुप्पट. त्यानंतर तीनच महिन्यांत विश्वचषकात त्याने 21 बळी घेऊन ती किंमत वाजवी ठरवली. 2014 मध्ये, पस्तिशीत, मुंबईने 2.6 कोटीला नेले. तो दुखापतीने लवकरच बाहेर बसला, संघाने त्याला सोडले, आणि 2015 मध्ये दिल्लीने 4 कोटी दिले.

वय वाढले, शरीर थकले, तरी भाव वाढला. हे कोडे शेतकऱ्याला पडणार नाही. लागणीचा ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातून खोडवा येतो, आणि कोणी हौशी असला तर तिसऱ्या वर्षी निडवाही राखतो. टनाला कमी, पण लवकर पक्व. दिल्लीला झहीरची चार षटकेच हवी होती असे नाही. पुढच्या दोन हंगामांत त्याने त्या तरुण संघाचे नेतृत्व केले, मिड-ऑफला उभे राहून पोरांना चेंडूची शिवण कशी धरायची ते सांगितले, आणि स्वतःचे आयपीएलमधले शंभर बळीही पुरे केले.

या सगळ्या बोलींत मला सर्वांत जास्त रस आहे तो फेब्रुवारी 2014 मधल्या आठवड्यात. 12 आणि 13 तारखेला बंगळुरूत लिलाव झाला. 14 तारखेला झहीर वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडविरुद्ध कसोटीला उतरला. चार षटकांसाठी ज्याचा भाव दोन दिवसांपूर्वी ठरला होता त्याने न्यूझीलंडच्या दुसऱ्या डावात 51 षटके टाकली. मॅकलमने 302 काढल्या, धावफलक 8 बाद 680 वर गेला, आणि झहीरने 170 धावांत पाच बळी घेतले. सी. एस. नायडूंच्या 88 षटकांच्या जवळ जाणारे ते ओझे नव्हे, पण पस्तिशीतल्या वेगवान गोलंदाजासाठी ते फार होते. ती त्याची शेवटची कसोटी ठरली.

त्याच सामन्यात अजिंक्य रहाणेने 118 धावा करून आपले पहिले कसोटी शतक पुरे केले. रहाणेचे जन्मगाव आश्वी खुर्द, तालुका संगमनेर. श्रीरामपूरपासून दूर नाही. नगर जिल्ह्याचे दोघे त्या दिवशी अकरांत होते. रणजीत दोघेही मुंबईचे.