अमेरिकेतली ‘११० व्होल्ट’ वीज सुरक्षित असते का? घरातल्या वायरिंगबद्दलचे ५ गैरसमज

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या घरांना महावितरणकडून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज मिळते. मात्र प्रत्येक देशात व्होल्टेज, वायरचे रंग आणि सॉकेट वेगळे असतात. परदेशातून आणलेलं उपकरण जोडताना किंवा तिकडचा व्हिडिओ पाहून बोर्ड खोलताना हा फरक जिवावर बेतू शकतो.

१. ‘अमेरिकेत ११० व्होल्ट, म्हणून धोका नाही’
तिथे सॉकेटला १२० व्होल्ट असतात आणि घरात २४० व्होल्टही येतात. कपडे वाळवण्याचं मशीन, मोठी शेगडी त्यावरच चालते. शॉक किती गंभीर, हे शरीरातून किती करंट किती वेळ गेला यावर ठरतं. अंग ओलं असेल तर १२० व्होल्टही जीव घेऊ शकतात.

२. ‘काळी वायर म्हणजे न्यूट्रल’
भारतात भिंतीतल्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी, निळी म्हणजे फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग. अमेरिकेत काळी वायर फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. युरोपात तपकिरी फेज, निळी न्यूट्रल. गंमत म्हणजे आपल्याकडच्या इस्त्री-मिक्सरच्या वायरमध्येही बहुधा तपकिरी-निळी पद्धतच असते. म्हणजे एकाच घरात निळ्या रंगाचे दोन अर्थ! म्हणून केवळ रंगावर विसंबू नये.

३. ‘ॲडाप्टर लावला की काम झालं’
ॲडाप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. चार्जरवर ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिलेलं असेल तर हरकत नाही. पण फक्त १२० व्होल्टचा मिक्सर इथे थेट लावला तर जळतो. त्याला व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो.

४. ‘तिसरी पिन नसली तरी चालतं’
आपले गोल पिनांचे प्लग जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. ब्रिटनने पुढे चपट्या पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग स्वीकारला. दोन्हींत अर्थिंगची पिन लांब असते, कारण ती सॉकेटला आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी. ही पिन काढून टाकली आणि फ्रिजमध्ये बिघाड झाला, तर त्याच्या पत्र्यात वीज उतरू शकते.

५. ‘न्यूट्रल आणि अर्थिंग एकच’
उपकरण चालू असताना न्यूट्रलमधून करंट वाहतो. अर्थिंगमधून तो फक्त बिघाड झाल्यावर वाहायला हवा. न्यूट्रल तुटल्यावर काही जण फेज आणि अर्थिंगवर बल्ब लावतात. अशा वेळी अर्थिंगचा रॉड, आजूबाजूची जमीन आणि त्याच अर्थिंगला जोडलेली इतर उपकरणं, सगळ्यांतच वीज उतरू शकते. शिवाय बारामती-इंदापूरचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो, त्यामुळे खड्ड्यात ओलावा टिकवावा लागतो.

मग काय करावं?
एमसीबी असला म्हणून निर्धास्त राहू नये. तो जास्त लोड आणि शॉर्ट सर्किट झाल्यावर पडतो. माणसाला बसणाऱ्या शॉकचा करंट त्या मानाने फारच कमी असतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वेगळा बसवावा लागतो. त्यावरचं ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून तो पडतो का, हे पाहावं. बटण दाबूनही पडला नाही, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावून तो बदलून घ्यावा.