डिजिटल देयके आणि ग्राहकाची तक्रार : नियमनाचा ऐतिहासिक आढावा (१९९५ ते २०२१)

बँक व्यवहारात दोष आढळल्यास ग्राहकाने दाद मागण्याचे पहिले ठिकाण म्हणजे शाखेची खिडकी. तेथे समाधान न झालेल्यांसाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने १९९५ मध्ये बँकिंग लोकपाल योजना सुरू केली. मोबाइल ॲपच्या व्यवहारात ही खिडकीच उरली नाही. या स्थित्यंतरास नियमनाने कसा प्रतिसाद दिला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ अन्वये देयक यंत्रणा चालविण्यास रिझर्व्ह बँकेची परवानगी आवश्यक ठरली. नियमनाचा पाया असा आधीच घातला गेला होता. तक्रार निवारणाची व्यवस्था मात्र मागे राहिली. २०१६ मध्ये यूपीआय कार्यान्वित झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील नोटाबंदीनंतर मोबाइल वॉलेटचा वापर वाढला. परंतु बँकेतर कंपन्यांच्या वॉलेटचे ग्राहक बँकिंग लोकपालाच्या कक्षेत येत नव्हते. ही उणीव ३१ जानेवारी २०१९ रोजी डिजिटल व्यवहारांसाठीच्या स्वतंत्र लोकपाल योजनेने दूर केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये या योजना एकत्र करून एकात्मिक लोकपाल योजना अस्तित्वात आली.

संस्थात्मक बदलांपेक्षा दोन तरतुदी अधिक मूलगामी ठरतात. जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकली. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने यूपीआयद्वारे पाठविलेली रक्कम खात्यातून वजा होऊनही लाभार्थीस न मिळाल्यास आणि ती विहित मुदतीत परत न केल्यास दररोज १०० रुपये भरपाई ठरविली. ही भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता द्यावयाची होती. दोष सिद्ध करण्याचा भार दुर्बल पक्षाकडून सबल पक्षाकडे सरकला, हे या काळाचे खरे ऐतिहासिक महत्त्व होय.

तथापि या संरक्षणास मर्यादाही होत्या. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून त्रयस्थाचा असल्यास पूर्ण दायित्वमुक्तीसाठी बँकेची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तक्रार करणे आवश्यक होते. ग्राहकाने स्वतःच गोपनीय क्रमांक सांगितला असल्यास तक्रार नोंदविण्यापूर्वीचे सर्व नुकसान त्याच्याच माथी येई. फसवणुकीत ग्राहकाकडून नेमका हाच क्रमांक वदवून घेतला जातो.

सारांश, संदेश वाचून तत्काळ कृती करणारा साक्षर ग्राहक या नियमांनी गृहीत धरला. खिडकीवर निरक्षर खातेदारास निदान समोरच्या कर्मचाऱ्यास विचारता येत असे. ती जागा कोणी घ्यावी, हा प्रश्न नियमनाच्या या इतिहासात अनुत्तरितच राहिला.