गर्भाशयाचा कल आणि वंध्यत्वाचा आरोप

घाटकोपर-मुलुंडकडील सुशिक्षित घरांतही सुनेच्या सोनोग्राफीच्या अहवालात 'रिट्रोव्हर्टेड', म्हणजे मागे कललेला गर्भाशय, हा शब्द आढळला की मूल न होण्याचे कारण सापडले असे वडीलधाऱ्यांस वाटू लागते. ही समजूत आली कोठून, हे पाहण्यासारखे आहे.

ती आजची नव्हे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापद सांगितले आहेत. त्यांतील 'अंतर्मुखी' म्हणजे वायूच्या योगाने मुख वाकडे झालेली योनी होय. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य वैद्यकात अशीच कल्पना यंत्रशास्त्राचा वेष घेऊन अवतरली: गर्भाशय वाकला की वाट अडली! आनंदीबाई जोशी 1886 साली ज्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्याच शहरातील ह्यू हॉज यांनी गर्भाशय जागेवर धरून ठेवणारे वळणदार कडे पूर्वीच प्रचारात आणले होते. 1881 साली लिव्हरपूलच्या विल्यम अलेक्झांडर यांनी गर्भाशयाचे बंध आखडून तो पुढे ओढण्याची शस्त्रक्रिया केली. पुढे अशा शस्त्रक्रियांचे पेवच फुटले.

अखेर अनुभवानेच या मताचा पाया खचविला. मागे कललेला गर्भाशय असलेल्या कित्येक स्त्रिया निरोगी होत्या व त्यांस मुलेही होत होती. सुमारे पाच स्त्रियांत एकीचा गर्भाशय असा असतो. गर्भ वाढू लागला की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तो बहुधा आपोआप वर येतो. एखादा मनुष्य डावखुरा असावा, तसाच हा प्रकार. मात्र तो मागे घट्ट चिकटून बसला असेल, तर एंडोमेट्रिओसिस, क्षय किंवा जुना जंतुसंसर्ग यांचा शोध घेतला पाहिजे. तेथेही अपराध कलाचा नसून चिकटविणाऱ्या रोगाचा असतो.

अंग बाहेर येणे हा विकार याहून निराळा. मुंबईचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी त्यावर जी शस्त्रक्रिया बसविली, तीत गर्भाशय राखला जातो. ज्या तरुण स्त्रियांस अजून मूल हवे असते, त्यांना तिचा मोठा आधार झाला. खऱ्या विकारावर उपाय करणे निराळे आणि निसर्गाच्या वैचित्र्यास विकार ठरविणे निराळे.

अपत्यहीन जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो, आणि त्याची पहिली तपासणी अगदी साधी आहे. ती झालेली नसताना सुनेस वांझ म्हणणे हा अन्याय होय. अहवालातील तो शब्द केवळ वर्णन आहे. त्याचा निवाडा आपण करून बसतो.