हात अनेकांचे, मालकी कुणाची?

१८७९ साली जेम्स मरे या इंग्लंडमधल्या शाळाशिक्षकाने इंग्रजी वाचणाऱ्या सगळ्यांना एक आवाहन केले. पुस्तके वाचा, एखादा शब्द लक्षात घेण्याजोगा वापरलेला दिसला की तो शब्द, ते वाक्य आणि पुस्तकाचे नाव एका चिठ्ठीवर लिहून आमच्याकडे पाठवा, असे ते आवाहन होते. चिठ्ठ्या लाखोंनी आल्या. त्यांच्या आधारावर रचलेला ऑक्सफर्डचा इंग्रजी शब्दकोश १९२८ साली पुरा झाला. चिठ्ठ्या पाठवणाऱ्या वाचकांनी त्याबद्दल पैसे मागितले नव्हते.

म्हणजे अनेकांनी थोडे थोडे द्यायचे आणि त्यातून काही मोठे उभे करायचे, ही कल्पना इंटरनेटची नाही. इंटरनेटने त्यात दोन बदल केले. चिठ्ठी पोचायला लागणारा वेळ जवळजवळ शून्यावर आला. आणि चिठ्ठ्या तपासून घेणारा संपादक बऱ्याच ठिकाणी मधून निघून गेला. या दोन बदलांच्या जोरावर नव्या प्रकारच्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्या स्वतः काही लिहीत नाहीत, चित्रे काढत नाहीत, गाणी रचत नाहीत. त्या फक्त जागा देतात, माल लोक आणतात. मग जमलेल्या मालाचा मालक कोण? हा प्रश्न गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुन्हा पुन्हा कसा उभा राहिला, ते आपण पाहू.

पहिले वसाहतकरी

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबचा पहिला ब्राउझर तयार केला, तेव्हा त्यात पान वाचता येई आणि त्याच खिडकीत लिहिताही येई. वाचक आणि लेखक वेगळे असतील असे त्यांनी मानलेच नव्हते. पण पुढे लोकप्रिय झालेले ब्राउझर प्रामुख्याने वाचण्यासाठी होते. स्वतःचे पान करायचे तर सर्व्हरवर जागा हवी, सांकेतिक खुणांची भाषा यायला हवी. सामान्य माणूस वाचकच राहिला.

ही अडचण हेरून १९९४ साली अमेरिकेत जिओसिटीज ही कंपनी निघाली. तिने लोकांना फुकट जागा दिली. जागेची रचना शहरासारखी होती. सिनेमावर लिहिणाऱ्यांनी हॉलिवूड नावाच्या वस्तीत राहायचे, संगणकावर लिहिणाऱ्यांनी सिलिकॉन व्हॅलीत. लाखो लोकांनी आपापली पाने मांडली. १९९९ साली याहू कंपनीने तीनशे कोटी डॉलरहून अधिक मोल देऊन हे सगळे शहर विकत घेतले आणि २००९ साली अमेरिकेतले जिओसिटीज बंद केले. रहिवाशांना काही महिन्यांची सूचना मिळाली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून बरीच पाने उतरवून घेतली म्हणून ती वाचली. ज्यांना वेळेवर कळले नाही, त्यांचे लिखाण त्या जागेबरोबर गेले.

दुसरे उदाहरण संगीताचे आहे. त्या काळच्या बहुतेक सीडींवर गाण्यांची नावे साठवलेली नसत. संगणकाला फक्त किती गाणी आहेत आणि प्रत्येक गाणे कुठे सुरू होते एवढेच कळे. पण सुरुवातीच्या या वेळांवरून त्या सीडीसाठी एक ओळख-क्रमांक तयार करता येतो. ९०च्या दशकात सीडीडीबी नावाचा संग्रह याच युक्तीवर उभा राहिला. एखादी सीडी पहिल्यांदा लावणाऱ्याने गाण्यांची नावे टंकून पाठवायची. नंतर जगात कुणीही तीच सीडी लावली की नावे आपोआप पडद्यावर येत. हजारो हातांनी ही यादी भरली. पुढे तो संग्रह एका कंपनीला विकला गेला, ग्रेसनोट या नावाने धंदा झाला आणि वापरावर अटी आल्या. आपण टंकलेली नावे वापरायला आता दुसऱ्याचा परवाना लागतो, हे पाहून काही जण चिडले आणि त्यांनी म्यूझिकब्रेन्झसारखे खुले संग्रह नव्याने सुरू केले. २००८ साली सोनीने ग्रेसनोट सुमारे २६ कोटी डॉलरला घेतली. नावे टंकणाऱ्यांना त्यातले काही मिळाले नाही.

स्पॅनिश लेखक घर सोडतात

तिसरी गोष्ट वेगळ्या वळणाने गेली, म्हणून ती थोडी सविस्तर पाहू.

२००० साली बोमिस नावाच्या छोट्या इंटरनेट कंपनीने न्यूपीडिया हा विश्वकोश सुरू केला. कंपनीचे जिमी वेल्स पैसे पुरवत होते आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक लॅरी सँगर मुख्य संपादक होते. लेख तज्ज्ञांनी लिहायचे आणि प्रत्येक लेख तपासणीच्या सात पायऱ्या चढून जायचा, असा नियम होता. नियम चांगला होता, पण चढण फार कठीण. २००३ साली न्यूपीडिया बंद पडेपर्यंत पंचविसाच्या आसपासच लेख पुरे झाले.

इकडे वॉर्ड कनिंगहॅम या संगणक-आज्ञावलीकाराने १९९५ सालीच विकी नावाचे तंत्र केले होते. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे जलद. विकीवरचे पान कुणीही बदलू शकतो. यात धोका उघड आहे. पण आधीच्या प्रती जपून ठेवल्या, तर खोडसाळ बदल करायला जेवढे श्रम लागतात त्यापेक्षा तो मागे घ्यायला कमी लागतात. हे त्यातले खरे मर्म आहे. न्यूपीडियाला कच्चा माल मिळावा म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला. वर्षअखेरीला त्यात सुमारे २० हजार लेख होते आणि मूळ न्यूपीडिया मागे पडला होता.

तोपर्यंत इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला होता. मार्च २००० मध्ये शिखरावर पोचलेला अमेरिकेतला नॅसडॅक निर्देशांक कोसळला होता. बोमिसला सँगर यांचा पगार परवडेना. २००२च्या सुरुवातीला विकिपीडियावर जाहिराती येऊ शकतात, असे सँगर यांनी सहज बोलून दाखवले. स्पॅनिश विकिपीडियाच्या लेखकांना ते मुळीच रुचले नाही. आपण फुकट लिहायचे आणि त्यावर कुणी जाहिराती लावायच्या? फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांच्यातला मोठा गट सगळे लेख घेऊन बाहेर पडला आणि सेव्हिलच्या विद्यापीठाच्या आश्रयाने त्याने स्वतःचा स्पॅनिश मुक्त विश्वकोश सुरू केला.

लेख घेऊन त्यांना जाता कसे आले? कारण विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली होता. कुणीही तो उचलून दुसरीकडे मांडू शकतो, सुधारू शकतो. अट एवढीच की मूळ लेखकांचे श्रेय राखायचे आणि पुढेही तोच मुक्त परवाना ठेवायचा. जिओसिटीजच्या रहिवाशांनाही आपली पाने उचलून नेता येत होती, पण एकेकट्याची. साऱ्या वसाहतीला एकत्र उठून जाण्याचा हक्क स्पॅनिश लेखकांना होता.

याचा परिणाम झाला. त्याच वर्षी जाहिराती घेणार नाही असे वेल्स यांनी जाहीर केले आणि विकिपीडियाचा पत्ता डॉट कॉमवरून डॉट ऑर्गवर गेला. जून २००३ मध्ये विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. बोमिसच्या हाती असलेला विश्वकोश देणग्यांवर चालणारी सार्वजनिक वस्तू झाला. मराठी विकिपीडियाची सुरुवातही १ मे २००३ची, म्हणजे नेमकी या संक्रमणाच्या काळातली. त्यावर आज लिहिणाऱ्या मराठी माणसाला तोच परवाना लागू आहे.

२००४ नंतरची लाट

यानंतर कंपन्यांची मोठी लाट आली. ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये, फेसबुक आणि छायाचित्रांचे फ्लिकर फेब्रुवारी २००४ मध्ये, यूट्यूब आणि रेडिट २००५ मध्ये. या प्रकाराला वेब २.० असे नाव पडले. यूट्यूबवरची पहिली चित्रफीत एप्रिल २००५ची. तिच्यात संस्थापकांपैकी एक जण प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून बोलतो, तेही वीसेक सेकंद. दीड वर्षाने, ऑक्टोबर २००६ मध्ये, गूगलने ही कंपनी १६५ कोटी डॉलरला घेतली. तेव्हा तिथे शंभर माणसेही कामाला नव्हती. साहजिकच किंमत त्या माणसांची नव्हती, तर रोज चित्रफिती आणून टाकणाऱ्या आणि पाहणाऱ्या लोकांची होती.

कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. चित्रफिती साठवणे आणि जगभर पोचवणे फार खर्चाचे असते. तो खर्च देणग्यांतून भागला असता असे नाही. शिवाय अशी जागा सुरुवातीला रिकामी असते आणि रिकाम्या जागेत कुणी येत नाही. रेडिटच्या संस्थापकांनी तर आरंभी स्वतःच वेगवेगळ्या खोट्या नावांनी दुवे टाकून गर्दीचा भास निर्माण केला होता, हे त्यांनीच पुढे सांगितले. २००७ पासून यूट्यूबने काही चित्रफीतकारांना जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा द्यायला सुरुवात केली. म्हणजे कंपनी आणि लोक यांच्यातला करार बदलता येतो. पण तो बदलण्याची ताकद कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न उरतोच. भारतात अतिशय गाजलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, तो निर्णय वापरणाऱ्यांचा नव्हता.

जून २०२३ मध्ये रेडिटवर हा प्रश्न पुन्हा पेटला. बाहेरच्या आज्ञावलींना रेडिटचा मजकूर मिळवण्यासाठी कंपनीने मोठे दर लावले. तेव्हा विनावेतन गट सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी हजारो गट काही काळ बंद ठेवले. दर मात्र कायम राहिले. २०२४ साली कंपनीचे समभाग बाजारात आले. त्याच वर्षी लोकांनी लिहिलेला मजकूर भाषिक प्रारूपे शिकवण्यासाठी गूगलला पुरवण्याचा करारही तिने केला. प्रश्नोत्तरे लिहिताना याची कल्पना कुणाला असणार?

वर्गात काय करता येईल?

विकिपीडियावर विश्वास ठेवावा का, असे विद्यार्थी विचारतात. डिसेंबर २००५ मध्ये नेचर या नियतकालिकाने विज्ञानाचे ४२ विषय निवडून तज्ज्ञांकडून तुलना करून घेतली. विकिपीडियात लेखामागे सुमारे चार चुका आढळल्या, ब्रिटानिकात सुमारे तीन. ब्रिटानिकाने या तुलनेच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला. आपल्या दृष्टीने निष्कर्ष इतकाच की दोन्हीकडे चुका होत्या आणि तपासणीला पर्याय नाही. विकिपीडियात ही तपासणी आपल्यालाही करता येते.

म्हणून एक तास असा घेऊन पाहावा. आपल्या तालुक्यावरचा किंवा जवळच्या किल्ल्यावरचा मराठी विकिपीडियातला लेख उघडावा आणि वरच्या 'इतिहास' या कळीवर जावे. कोणते वाक्य कधी आले, कधी गेले, कुणी दुरुस्त केले, ते मुलांना दिसेल. संदर्भ नसलेली वाक्ये त्यांना शोधायला सांगावी, आणि एखादे वाक्य ग्रंथालयातल्या पुस्तकावरून तपासून दुरुस्त करायला लावावे.

मग मुले रोज वापरतात अशी कोणतीही सेवा घ्यावी आणि तीन प्रश्न विचारावेत. मी इथे टाकलेला मजकूर मला परत बाहेर नेता येतो का? आम्ही सगळे मिळून तो नेऊ शकतो का? नियम बदलायचे ठरले तर आम्हाला कोण विचारणार? उत्तरे त्या सेवेच्या अटींमध्ये असतात. त्या बहुधा कुणी वाचलेल्या नसतात. वर्गात निदान एकदा मोठ्याने वाचल्या जातील.