बिटकीपर गेलं, पुस्तिका राहिली

बंद पडलेल्या साधनाची माहिती कागदपत्रांतून काढणं, याला आपण झाडलोट समजतो. लिनक्स कर्नलमध्ये मात्र यावरून वाद झाला, तोही साधन जोरात चालू असताना. २००२ साली लायनस टॉरवाल्ड्स यांनी कोडमधले बदल सांभाळायला बिटकीपर घेतलं. कर्नलवाल्यांना ते अटींवर फुकट मिळे, पण मुक्त सॉफ्टवेअर नव्हतं. ते कसं वापरावं याच्या सूचना कर्नलच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये, ‘बीके-युसेज’ फोल्डरात. त्याच वर्षी डॅनियल फिलिप्स यांनी त्या काढून टाकणारा पॅच पाठवला. मुक्त प्रकल्पात खासगी मालाची पुस्तिका कशाला, हा त्यांचा मुद्दा. लायनसनी पॅच घेतला नाही. मुद्दा आम्हाला पटतो. पण लोक रोज जे वापरताहेत त्याची माहिती लपवून काय साधणार होतं?

एप्रिल २००५मध्ये बिटकीपरच्या कंपनीने फुकट वापराची सवलत काढून घेतली. लायनसनी गिट लिहायला घेतलं आणि १६ एप्रिलला कर्नल त्यात आणलासुद्धा. जुन्या बदलांचा इतिहास सोबत घेतला नाही. ‘बीके-युसेज’ मात्र आलं! पुढे ते काढलं गेलं. आता तत्त्वाचा प्रश्नच नव्हता, साधनच गेलं होतं. पण गिटमधली ती पहिली नोंद आपण आजही उघडली, तर आत बिटकीपर कसं वापरावं ते सविस्तर वाचायला मिळतं.