आर्वीची तबकडी आणि डोहर्टीची दुसरी नळी

पुणे-नाशिक मार्गावर मंचरच्या शेजारी अवसरी खुर्द आहे. तेथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय २००९ साली सुरू झाले. तेथून उत्तरेस जुन्नर तालुक्यात शिरले की रेडिओच्या इतिहासातील दोन मोठी नावे भेटतात: खोडद आणि आर्वी. खोडदच्या ३० महाकाय दुर्बिणी केवळ ऐकतात. आर्वीचे केंद्र मात्र बोलणारे होते. ऐकणाऱ्याला वीज थोडकी पुरते, बोलणाऱ्याला ती मोजावी लागते. हा धागा त्या मोजदादीच्या इतिहासाचा आहे.

आरंभ १९२७ चा. २३ जुलै रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. त्याची शक्ती होती दीड किलोवॅट. त्याच वर्षी पुण्याजवळ खडकीच्या प्रक्षेपण केंद्रातून इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिकडून येणारे संदेश दौंडला ग्रहण केले जात. वरवर पाहता दोन्ही ठिकाणी रेडिओच होता. परंतु खडकीची नळी एक तर पूर्ण जोराने चाले किंवा पूर्ण बंद असे, कारण मोर्सच्या भाषेत मधली पायरीच नाही. मानवी आवाजाला मात्र कुजबुजीपासून आरोळीपर्यंतच्या सर्व पायऱ्या लागतात. विजेची खरी नासाडी सुरू होते ती या मधल्या पायऱ्यांवर.

कारण असे. आवाजाचा चढउतार हुबेहूब वाढवणाऱ्या ‘क्लास बी’ प्रवर्धकाची आदर्श कार्यक्षमता पूर्ण शक्तीवर ७८.५ टक्के असते. बाहेर पडणारी शक्ती एक चतुर्थांशावर आली, म्हणजे व्होल्टेज निम्मे झाले, की कार्यक्षमताही निम्मी होऊन ३९ टक्क्यांवर येते. प्रत्यक्षात ती ३३ टक्क्यांच्या आसपास राही. एएम प्रक्षेपणातील दुर्दैव असे की शिखराचा क्षण विरळा. निवेदक श्वास घेतो तेव्हा नळी नेमकी या एक चतुर्थांश पातळीवर उभी असते. ५० किलोवॅटच्या केंद्राला त्यासाठी दीडशे किलोवॅट वीज ओढावी लागे. उरलेल्या १०० किलोवॅटची निव्वळ उष्णता होई, आणि ती बाहेर काढण्यासाठी पुन्हा पाणी, पंप व पंखे लागत.

या कोड्यावर दोन उत्तरे जवळजवळ एकाच वेळी आली. फ्रान्समध्ये आंरी शिरे याने १९३५ साली दोन पूर्ण जोराच्या लहरींची कला एकमेकींपासून सरकवून बेरीज लहानमोठी करण्याची युक्ती मांडली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजचा विल्यम डोहर्टी याने दुसरी मांडली. तो तेव्हा तिशीच्या आत होता.

डोहर्टीची युक्ती मराठी वाचकाला बोरघाटावरून चटकन समजेल. मुंबईहून निघालेली गाडी सपाटीवर एका इंजिनाने चालते. कर्जतला मागून बँकर इंजिने जोडली जातात, आणि ती लोणावळ्यापर्यंत रेटा देतात. डोहर्टीने मुख्य नळी अशी बेतली की निवेदकाच्या श्वासाच्या पातळीवरच ती आपल्या पूर्ण व्होल्टेजला पोहोचावी. दुसरी नळी तोवर झोपलेली. आवाज चढला की ती जागी होते.

येथवर हे कोणालाही सुचले असते. अडचण पुढे आहे. मुख्य नळीचे व्होल्टेज आधीच कमाल मर्यादेला पोहोचलेले. ती आणखी शक्ती देणार कशी? डोहर्टीने तिच्या आणि भाराच्या मध्ये पाव तरंगलांबीची तार घातली. ही तार अवरोध उलटा करून दाखवते. दुसरी नळी भाराला प्रवाह देऊ लागली की पहिलीला समोरचा भार हलका वाटू लागतो. त्याच व्होल्टेजवर ती अधिक प्रवाह सोडू शकते. शिखरावर दोघी समसमान ओझे उचलतात. कार्यक्षमता ३३ वरून ६० टक्क्यांपलीकडे गेली. ५० किलोवॅटसाठी दीडशेऐवजी सुमारे ८३ किलोवॅट पुरू लागले. १९३८ साली केंटकीतील लुइव्हिलच्या डब्ल्यूएचएएस केंद्रात हे यंत्र बसले.

मग ही युक्ती मागे का पडली? एफएम आले. एफएमची लहर उंचीने कधी बदलतच नाही, त्यामुळे नळी अखंड पूर्ण जोराने चालवता येते. मोबाइलच्या दुसऱ्या पिढीतील जीएसएमही याच जातीचे.

आर्वीची कथा मात्र थोडी निराळी आहे. १९७१ साली येथे भारताचे पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. पुढे त्याला विक्रम साराभाईंचे नाव मिळाले. सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी हिंदी महासागरावरील इंटेलसॅट-३ कडे रोखलेली असे. संदेश एफएमचेच होते, पण अनेक देशांच्या लहरी उपग्रहातील एकाच प्रवर्धक नळीतून जात. एकत्र आल्या की त्यांच्या बेरजेची उंची पुन्हा बदलू लागे. नळी कमाल जोराने चालवली तर लहरी एकमेकींत मिसळून नवे कर्कश भेसळसूर निर्माण करीत. म्हणून तिला मुद्दाम मर्यादेच्या खाली चालवावे लागे. अवकाशात सौरघटांमधून मिळणाऱ्या मोजक्या विजेचा हा अपव्यय सक्तीचा होता. एएमची जुनी व्याधी वेष पालटून परतली होती.

तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या मोबाइलने ती घरोघरी आणली. शेकडो उपलहरी एकत्र जोडल्या की शिखरे उंच आणि सरासरी फार खाली राहते. तेव्हा अभियंत्यांनी १९३६ चा निबंध पुन्हा उघडला. नळ्यांच्या जागी ट्रान्झिस्टर आले, पाव तरंगलांबीची तार छापील पट्टीवर काही सेंटिमीटरांत मावली, आणि शिखरे फार उंच म्हणून दुसरा ट्रान्झिस्टर पहिल्यापेक्षा मोठा घेतला जाऊ लागला.

खोडदच्या दुर्बिणींना या मनोऱ्यांचा गोंगाट नकोसा आहे, हे ओघाने सांगायला हवे.

मध्यरात्री गावे निजली की मनोऱ्यावरचा भार इतका उतरतो की मुख्य ट्रान्झिस्टरही आपल्या सोयीच्या पातळीच्या खाली घसरतो. तेथे डोहर्टीचीही मात्रा चालत नाही. म्हणून आताची यंत्रे पाठवण्यासारखे काही नसेल तेव्हा सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागापुरता प्रवर्धकच बंद करतात आणि पुन्हा चालू करतात: पूर्ण जोर किंवा पूर्ण बंद, जशी १९२७ मध्ये खडकीची नळी चालत असे.